दोन बोटं लूज

दाजी पेठेत, त्रेचाळीस डिग्रीला,
ती दुकानाच्या दारात उभी राहिली.
नाव मारित. कुठल्याशा थंड देशातून
टॉवेलचे माग बघायला आलेली.
खांदे भाजून सोललेले,
उकडलेल्या बटाट्याची साल सुटावी तसे.
गोने शेठचा पोरगा मधे पडून म्हणाला,
अक्का, ही विचारतीय,
इथं घालायचं काय?

तीस वर्षं शिवतेय मी, शाळेचे गणवेश,
हजाराच्या लॉटनं,
पण हे कुणी विचारलं नव्हतं.
गिऱ्हाईक गळा सांगतं, लांबी सांगतं.
काय घालायचं ते आधीच ठरलेलं असतंय,
कुणी ठरवलं
ते पावतीवर नसतं.

मग सगळ्यांनाच कंठ फुटला.
शेजारची लक्ष्मव्वा, विडी वळता वळता:
साडी नेसव की तिला, संपलं.
शेठचा पोरगा: जीन्स चालते मॅडमला,
फक्त वरून ओढणी.
पानाच्या ठेल्यावरची दोन पोरं काही बोलली नाहीत,
नुसती बघत राहिली.
तोही सल्लाच.

मी टेप काढली.

पोरी, हे ऊन कुणाच्या बापाचं ऐकत नाही,
त्याला अंग दाखवायचं नाही.
नायलॉन नको, घाम आला की चिकटून बसतंय.
सुती घ्यायचं, दोनदा धुतलेलं,
खळ निघून गेलेलं.
पांढरं म्हणशील तर त्यातनं सगळं दिसतं,
मग बघणाऱ्यांची सोय होते, तुझी नाही.
हा फिका खाकी घे, लॉटमधला उरलाय.
बाही मनगटापर्यंत. गल्लीत दुमड,
देवळाच्या पायरीवर परत सोड.
डोक्यावर ओला पंचा, इथल्याच मागाचा.
खिशात कांदा.
खिसा? देते ना, दोन देते.
बायकांच्या कपड्याला खिसा न देणाऱ्याला
कधी भर दुपारी एकट्यानं
रिक्षाचे सुट्टे शोधावे लागले नसतील.

आणि सगळीकडं दोन बोटं लूज.
कापड आणि कातडं
यांच्यामधनं वारा गेला पाहिजे.

पोरानं हे तिला कसं सांगितलं देव जाणे.
ती हसली, उठली,
आणि आपली दोन बोटं
माझ्या ब्लाउजच्या बाहीत घालायला लागली.
गेली नाहीत.
एकही गेलं नाही.

मी म्हटलं, आमचं असंच असतंय.
पोरानं ते सांगितलं नाही,
किंवा सांगितलं असेल.

खाकी अंगरखा घालून ती महिनाभर हिंडली,
मागांच्या खडखडाटात, धुळीत.
ठेल्यावरची पोरं बघायची थांबली असं नाही,
पण बघून बघून किती बघणार,
आतली बाई दिसायची ती फक्त चालताना.
जाताना एक शेंगाचटणीची पुडी घेऊन गेली,
आणि मापाला दिलेला तिचा बिनबाह्यांचा निळा झगा
माझ्याकडं राहिला.

खिळ्याला टांगला, गणवेशांच्या रांगेत.
लक्ष्मव्वा म्हणाली, पुसायला घे, चांगला सुती आहे.

खोटं कशाला बोलू.
एका रात्री लाइट गेली,
पत्रा तापलेला, आत जीव राहीना.
दोन वाजता तो घालून गच्चीवर गेले.
चांदणं बऱ्यापैकी होतं.
माझा हात मला दिसला:
कोपराखाली करपलेला,
वर कोवळा, ओळख नसलेला,
आणि मधे सरळ रेघ,
चादरीला काठ असावा तशी,
एकही धागा न चुकवता विणलेली.
वारा काखेपर्यंत आला.
खाली कुणीतरी खोकलं तशी मी बसले,
पण उतरले नाही.

सकाळी गोने शेठचा लॉट होता.
नेहमीसारखी शिवत बसले,
काही बदललं वगैरे नाही.
फक्त वहीत नवीन माप लिहिताना
बाहीच्या रकान्याशी पेन्सिल थांबते.
पूर्वी मीच टाकायची आकडा.

आता विचारते,
बाही किती ठेवू?

बायका दचकतात.
काही जणी दाराकडं बघून
हळूच सांगतात.